तेल पाजलेली दुर्बीण

माझ्याकडे जी दुर्बीण आहे ती मी निवडलेली नाही. आलापल्लीच्या माझ्या घरमालकांनी तिला एरंडेल पाजलं, त्यामुळे ती दुकानात परत करायच्या लायकीची उरली नाही आणि माझ्या गळ्यात पडली. दुसरी, जी मला खरं तर हवी होती, ती त्यांच्याकडेच राहिली. ती परत मागायला माझी जीभ कधी रेटली नाही. का रेटली नाही ते सांगायचं तर आधी घरमालक सांगायला हवेत, आणि घरमालक सांगणं काही सोपं काम नाही.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. सिरोंच्याकडे रस्ता वळतो त्या चौकात त्यांचं चपलांचं दुकान, मागे घर, आणि वरच्या मजल्यावर माझी खोली. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला गेले होते. नव्वदीची मधली वर्षं. एकटी बाई खोली मागते म्हटल्यावर इतरांनी मला बापाच्या नावापासून जेवणात काय खाते इथपर्यंत सगळं विचारलं होतं. चाचांनी फक्त माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी लय चालता, बाई. वरची खोली घ्या, हवा येते." झाली मुलाखत.

माणसाच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. गिऱ्हाईक ओट्यावर टेकलं की चाचांची नजर खाली. टाच, अंगठा, भेगा, बोटांची ठेवण, सगळं न्याहाळून ते आत जायचे आणि एक खोका घेऊन यायचे. एकच. त्यात जो जोड असेल तो तुमचा. दुसरा ते दाखवत नसत. मेलं तरी दाखवत नसत.

"चाचा, आनखी एखादा दाखवा ना."

"काऊन? तुमाले पाय किती हायेत?"

"दोन."

"मंग जोड किती पाह्यजे?"

"एक."

"मंग दिला ना एक."

मी एकदा त्यांना सुनावलं की लोकांना निवडायचा हक्क असतो. चाचांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, फार मायेने पाहिलं. "बाई, दोन जोड दाखवले का मानूस कामातून गेला. एक घेते, घरी जाते, अन् दुसऱ्याची याद काढत बसते. मंग घेतलेली चावते. चप्पल नाई चावत, दुसरी चप्पल चावते."

एका रेंजरसाहेबांना करकरीत बूट हवे होते. चाचांनी त्यांच्यासमोर उघड्या बोटांची सँडल ठेवली. साहेब तापले. चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, बूट तुमाले पाह्यजेत. तुमच्या पायाले नाई पाह्यजेत. पाय सडून राह्यला तुमचा." साहेब तरातरा समोरच्या दुकानात गेले. समोरचं दुकान चाचांच्या धाकट्या भावाचं. तिथे छतापासून जमिनीपर्यंत जोड टांगलेले, पाहिजे ते घाला, पाहिजे ते काढा. पावसाळा अर्धा उलटला तेव्हा साहेब लंगडत परत आले, ओट्यावर बसले आणि पाय पुढे केला. चाचांनी काही न बोलता तीच सँडल काढून दिली. हे चाचांचं मोठेपण. मी असते तर दोन शब्द तरी ऐकवलेच असते.

नवा माल आला की तो स्वतः घालून पाहायचा हाही त्यांचा नेम. पण एकेक कशाला, म्हणून ते डाव्या पायात एका कंपनीची आणि उजव्या पायात दुसऱ्या कंपनीची चप्पल घालून आठवडाभर गावभर हिंडत. वर्षातले निम्मे दिवस त्यांच्या दोन पायांचं एकमेकांशी जमत नसे. याचा एक फायदा झाला. जुम्म्याच्या नमाजाला मशिदीच्या दारातून सगळ्यांच्या चपला कधी ना कधी गेल्या, चाचांच्या कधीच गेल्या नाहीत. चोरालाही थोडी इभ्रत असते.

चाची या सगळ्याला पुरून उरलेल्या. एकदा माझ्यासमोर तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मलेबी असंच पाह्यलं यायनं. पहिल्याच घरी आले, चहा पेला, हाव म्हनले. दुसऱ्या घरी गेलेच नाई."

"अन् चावली का?" चाचांनी दारातून विचारलं, आणि चाचींच्या हातातलं सूप हवेत जायच्या आत दुकानात पसार झाले.

आता दुर्बिणी.

मला पाखरांचा नाद. आलापल्लीच्या सागवनात धनेशाची जोडी यायची, आणि नुसत्या डोळ्यांना ती दोन काळे फटकारे दिसायची. मला दुर्बीण हवी होती, पण शिकाऱ्याच्या गळ्यात असते तसलं धूड नको. पर्समध्ये मावेल, पगारात बसेल आणि अगदी खेळणंही नसेल अशी. चंद्रपूरला ज्याच्याकडे मी फोटोचे रोल धुवायला देत असे त्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराने तशा दोन समोर ठेवल्या. एक आठपटीची, हलकी, दुमडली की साबणाच्या वडीएवढी. दुसरी दहापटीची, थोडी जाड, रबरी अंगाची. दोघींच्या किमतीत फरक इतका कमी, की त्यावरूनही ठरवता येईना. आठपटीतून पाहिलं तर दिसायचं जास्त, पण लहान. दहापटीतून दिसायचं मोठं, पण कमी, आणि हात जरा हलला की धनेश झाडासकट नाचायचा. मी दुकानात इतका वेळ घोटाळले की दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, दोन्ही न्या. वापरून पाहा. राखीच्या सुट्टीत याल तेव्हा एक परत करा."

मला दोन्ही घेऊन गच्चीवर बसलेली चाचांनी पाहिलं. प्रकरण समजून घेतलं. आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी मला दिवसाढवळ्या लुटलं आहे.

"त्यानं दोन देल्या? अन् तुमी घेतल्या?"

"पाहून ठरवीन म्हटलं."

"आता तुमी काय ठरवता, बाई! गेल्या तुमी." मग जरा दबक्या आवाजात, "आना इकडं. पाहू कोनती हाये तुमची."

तिथे घात झाला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाला दुसरा जोड दाखवला नाही, तो स्वतःच दोन जोडांच्या मधे सापडला. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली जुनी पद्धत लावली. डाव्या डोळ्याला आठपटीचं एक नळकांडं आणि उजव्या डोळ्याला दहापटीचं एक नळकांडं लावून ते गच्चीवर चालू लागले. चार पावलांत त्यांना भोवळ आली आणि ते माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर बसले. उठून म्हणाले, "दोघींचं पटत नाई."

मग रोजचा रतीब सुरू झाला. सकाळी ठाम निकाल आठपटीच्या बाजूने, संध्याकाळी दहापटीच्या. "दहाची जवळ नेते, पन हालवते. आठची दूर ठेवते, पन थिर ठेवते. सासर अन् माहेर झालं जी हे." दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुर्बीण दुकानात. चौकापलीकडून जाणाऱ्या माणसाचे पाय न्याहाळायचे आणि तिथूनच ओरडायचं, "ओ गुरुजी! डावी टाच घासली, उद्या या!" गुरुजी दचकून आपल्या टाचेकडे पाहत. आठवडाभरात चौकातले लोक चाचांच्या दुकानासमोरून पाय झाकून जाऊ लागले. मी मात्र वैतागले होते. दुर्बिणी माझ्या, सुट्टी जवळ येत चाललेली, आणि धनेश बघायचे सोडून मी लोकांच्या टाचांचे निकाल ऐकत होते.

त्यांची एकुलती एक लेक भामरागडला दिली होती. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून चाची तिला आणायला गेल्या आणि तिकडेच अडकल्या, कारण पाऊस त्यांच्या मागोमाग पोचला. वाटेतली पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली. पूल बुडणं ही आमच्याकडे बातमी नसते. पूल दिसायला लागला की ती बातमी. तेव्हा मोबाईल कुठले, आणि टेलिफोनच्या तारा तर पहिल्याच वादळात लोळलेल्या. डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालत असे तोवर डोंगेवाला निरोप आणी, तो निरोप एसटीचा ड्रायव्हर आलापल्लीपर्यंत पोचवी. तसाच एका सकाळी ड्रायव्हर दुकानाशी आला.

"चाचा, मुबारक हो. नात झाली. पोरगी चांगली हाये तुमची." मग त्याने टोपी काढून परत घातली. "लेकरू लहान हाये जी. दिवस भरले नव्हते. अजून रडून नाई राह्यलं म्हनते."

त्यानंतर पाणी आणखी चढलं आणि डोंगेही थांबले. पुढचा निरोप येणारच नव्हता.

त्या दिवसांत चाचांनी दुर्बिणींना हात लावला नाही, निदान माझ्यासमोर तरी. दुकान उघडत. आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर तीन-तीन, चार-चार खोके काढून ठेवत. पायाकडे न पाहता. "पाहा तुमाले कोनती पाह्यजे." लोक घाबरून गेले. एक म्हातारी बराच वेळ त्या ढिगाकडे बघत बसली आणि रडवेली होऊन म्हणाली, "चाचा, तुमीच सांगा ना बापा." चाचांनी मान हलवली आणि आत गेले.

मी माझ्या शिकण्याचा उपयोग करायला गेले. सांगितलं की दिवस न भरलेल्या बाळाचा आवाज आधी बारीकच असतो, अंगात ताकद आली की रडतात. चाचा म्हणाले, "पुस्तकातलं लेकरू नका सांगू, बाई. मले माह्यं सांगा." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि मग एका रविवारी लख्ख ऊन पडलं. सकाळीच जिन्याखालून हाक आली, "बाई, दोन्ही दुर्बिना घ्या अन् चला. एसटी काठापर्यंत जाऊन राह्यली."

"पाणी तर उतरलेलं नाही, चाचा."

"नाई उतरलं. पन ऊन पडलं. इतक्या दिवसानं ऊन पडलं तं तुमची चाची लेकराले घरात आंघोळ घालन? वळखतो मी तिले. मागच्या आंगनातच घालन. अन् लेकीचं घर उंचावर हाये, मागचं आंगन नदीकडं हाये." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लेकरू असन तं घालन."

बसमध्ये ते खिडकीशी बसले. दोन्ही दुर्बिणी मांडीवर, आणि पायात त्या दिवशी दोन्ही चपला एकाच जोडाच्या.

काठावर नेहमीची गर्दी होती. पलीकडे जायचे अडकलेले मास्तर, तांदळाच्या पोत्यांवर बसलेली माणसं, माहेरी निघालेल्या दोघी बाया. मधे लालसर पाणी, झाडंच्या झाडं घेऊन चाललेलं, आणि त्याचा आवाज असा, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. पलीकडे भामरागडची कौलं. घरं दिसत होती, माणसं म्हणजे नुसते ठिपके.

चाचांनी न अडखळता दहापटीची उचलली. "अशा वेळी मोठीच पाह्यजे." डोळ्यांना लावली. बराच वेळ लावून उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, धुकं हाये."

धुकं कुठलं! दिवस काचेसारखा स्वच्छ होता. मी दुर्बीण घेतली, आणि पलीकडचा काठ मला पिवळ्या साखरेच्या पाकात बुडालेला दिसला. भिंगावर तेलाचा तवंग होता. दुर्बीण नाकाशी धरली तर एरंडेलाचा वास.

"चाचा, हिला काय केलंत तुम्ही?"

"थोडं तेल पाजलं. सांधा कडक होता तिचा. नवी वस्तू चावते ना, बाई."

त्या काठावर, एवढ्या माणसांदेखत, मी त्यांच्यावर ओरडले. चामडं आणि काच यातला फरक कळत नाही का, म्हणून ओरडले. आयुष्यात कोणावर ओरडले नसेन तशी. चाचा मान खाली घालून ऐकत होते, माझ्या पायांकडे बघत. मग त्यांनी हळूच आठपटीची पुढे केली. "हिले नाई पाजलं, जी. हे मऊच होती."

त्यांच्या चष्म्यावर ती बसेना, म्हणून मी तिच्या रबरी कडा दुमडून दिल्या. आता तेल नव्हतं, पण दुर्बीण स्थिर राहीना. ड्रायव्हर म्हणाला, कोपरं बसच्या नाकावर टेकवा. चाचांनी टेकवली. बस सुरूच होती, आणि तिच्याबरोबर चाचा, दुर्बीण आणि भामरागड सगळेच थडथडू लागले.

"गाडी बंद कर बे!" पोत्यावरचा एक जण ओरडला.

"बंद केली तं धक्क्याशिवाय सुरू नाई होत, जी. चढ हाये मागं."

"आमी मारतो धक्का! बंद कर तू!"

ड्रायव्हरने गाडी बंद केली. मग काठावर फक्त नदी राहिली.

"घर दिसलं," चाचा म्हणाले. सगळे जवळ आले. "आंगन दिसलं. दोरी हाये. दोरीवर... लहान लहान फडके हायेत. लय हायेत. सारी दोरी भरली."

"मंग लेकरू हाये, चाचा!" माहेरी निघालेल्या दोघींपैकी एक किंचाळली. "लंगोट काय उगाच धुते का कोनी!"

"थांबा," चाचा म्हणाले. "थांबा, मायबाप."

आम्ही थांबलो. ऊन डोक्यावर आलं. कोणी हललं नाही. चाचांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्यांनी हात काढला नाही.

"दार उघडलं. माही पोरगी आली. चालत आली. हातात गंगाळ हाये... अवं, जड नको उचलू... ठेवलं. आता तुमची चाची आली. पाट ठेवला. पाय लांब करून बसली." त्यांचा आवाज बारीक होत चालला. "आता पोरीनं आनलं. दुपट्यातून काढलं. एवढंसं हाये, बाई. पायावर ठेवलं. तेल लावून राह्यली."

मी विचारलं, "काय चाललंय?"

"काई नाई. तेल लावते. लेकरू हालत नाई."

काठावरचा एक जण खोकला, त्यालाही शेजाऱ्याने दटावलं.

"पानी घेतलं. टाकलं अंगावर. आनखी टाकलं." आणि मग त्यांनी एवढ्या जोरात श्वास घेतला की मला वाटलं पडतात आता. "बाई, तुमी पाहा. मी नाई पाहत. माह्या डोयात पानी आलं, मले खोटंच दिसत असन. तुमी पाहा अन् खरं सांगा."

मी दुर्बीण घेतली. आठपटीतून सबंध अंगण एकदम दिसलं: चाचींचे लांब केलेले पाय, पाणी ओतणारा लेकीचा हात, आणि मधे एक लालबुंद, मुठीएवढा जीव. त्याच्या दोन्ही मुठी वळलेल्या, पाय सायकल मारावी तसे झाडत, आणि तोंड उघडलेलं. चेहरा कुठे नव्हताच. नुसतं उघडलेलं तोंड. आवाज येत नव्हता, एवढ्या नदीवरून येणं शक्यही नव्हतं. पण मी आजवर ऐकलेलं सगळ्यात मोठं रडणं तेच.

"रडतेय, चाचा. चांगली बोंबलतेय."

"खरं?"

"खरं. पाय झाडतेय. चाचींना आवरत नाहीये."

काठावर एकच गलका झाला. पोत्यांवरची माणसं उठून उभी राहिली, मास्तरांनी ड्रायव्हरला मिठी मारली, त्या दोघी बाया एकमेकींचे हात धरून हसत सुटल्या. मीही ओल्या डोळ्यांनी हसत होते. ज्याला त्याला दुर्बीण हवी होती. चाचांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, चष्मा सदऱ्याने पुसला आणि परत डोळ्यांना लावली, ती कोणाला म्हणून दिली नाही.

गाडीला धक्का मारायची वेळ झाली. लोक बसच्या पुढे येऊन उभे राहिले, तरी चाचा तिच्या नाकावरून कोपरं काढेनात. शेवटी ड्रायव्हर त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला, "चाचा, झाली का चूप?"

"नाई," चाचा म्हणाले. "चालूच हाये." मग दुर्बीण तशीच डोळ्यांना ठेवून, अगदी हळू, "रडू दे."